चांद्रयात्रेची चित्रफीत

सुरत शहराच्या आग्नेय अंगास, उधन्याच्या पलीकडे, डिंडोली नावाची वस्ती आहे. एके काळचे हे खेडे आज शहरात पुरते मिसळून गेले असून तेथे व लगतच्या लिंबायत-उधना भागात जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी असा त्यांचा भाषाव्यवहार. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या आगगाडीने ही मंडळी येथे आली आणि यंत्रमागांवर, रंगाईच्या व छपाईच्या कारखान्यांत कामास लागली. त्या मागांवर जे कापड निघते ते बहुतांशी सुती नव्हे आणि रेशमीही नव्हे, ते पॉलिएस्टरचे.

या धाग्याचा आणि मनुष्याने चंद्रावर उतरताना काढलेल्या चित्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन या दोन रसायनज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा प्रथम सिद्ध केला. ते ज्या संस्थेत काम करीत होते, तिचे नाव कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन. ही मँचेस्टरची कापड छापणारी संस्था, आणि तिच्या नावातला ‘कॅलिको’ हा शब्द आपल्याच कालिकत बंदराच्या नावावरून तिकडे गेलेला. पुढे असे आढळून आले की, जो पदार्थ बारीक छिद्रांतून ओढला असता धागा होतो, तोच पसरून ताणला असता पातळ, पारदर्शक व न फाटणारी पट्टी होते. धाग्याची साडी झाली, टेरिकॉटचा सदरा झाला; पट्टीवर प्रकाशसंवेदी लेप चढवून छायाचित्रणाची फीत झाली, आणि लोहभस्माचा लेप चढवून ध्वनी व चित्र साठविण्याची चुंबकीय फीत झाली. अमेरिकन अंतराळवीरांनी चंद्रावर नेलेली फीत याच जातीची होती. वजन वाचावे व एका डब्यात अधिक लांबी मावावी, म्हणून तिचे अंग नेहमीच्या फितीहून पातळ केले होते. सेल्युलॉइडच्या जुन्या फितीला हे साधले नसते.

इसवी सन १९६९ च्या जुलै महिन्याची २१ तारीख, सोमवार. भारतीय वेळेप्रमाणे मध्यरात्र उलटून पावणेदोनच्या सुमारास ‘ईगल’ हे यान चंद्रावर टेकले आणि सकाळी आठ वाजून सव्वीस मिनिटांनी नील आर्मस्ट्राँग यांनी शिडीवरून खाली पाऊल ठेवले. जगात सुमारे ६० कोटी लोकांनी ते दृश्य दूरचित्रवाणीवर घडत असताना पाहिले, असे सांगितले जाते. त्या ६० कोटींत महाराष्ट्र नव्हता आणि गुजरातही नव्हता. देशात दूरचित्रवाणी होती ती एका दिल्लीत. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि परदेशांशी उपग्रहामार्फत दळणवळण साधणारे पुणे जिल्ह्यातील आर्वीचे भूकेंद्र १९७१ साली. तेव्हा चांद्रविजय हा मराठी माणसाने प्रथम ऐकला, मग वाचला आणि सर्वांत शेवटी पाहिला. पाहिला तो चित्रपटगृहाच्या अंधारात किंवा शाळेच्या पटांगणात पडदा बांधून दाखविलेल्या माहितीपटात. वर्तमानाचे थेट दर्शन त्याच्या वाट्यास आले नाही. आली ती चित्रफीत. त्यामुळे या फितीचे पुढे काय झाले, हा प्रश्न इकडच्या लोकांना परका नाही.

सर्वांच्या डोळ्यांपुढे आज जे दृश्य आहे ते असे: खाली करडी, खड्ड्यांनी भरलेली जमीन सरकत येते; ती जवळ येते; धुळीचे पट्टे किरणांसारखे बाहेर पळू लागतात; यानाच्या पायाची सावली दिसते आणि सारे स्थिरावते. हे दृश्य दूरचित्रवाणीचे नव्हे. उतरण्याच्या वेळी दूरचित्रवाणीचा कॅमेरा यानाच्या खालच्या भागात घडी घालून ठेवलेला होता. हे टिपले १६ मिलिमीटर फितीच्या एका लहान चलच्चित्र कॅमेऱ्याने. मॉरर नावाच्या अमेरिकन कंपनीने तो बनविला होता आणि यानाच्या उजव्या खिडकीशी तो बसविला होता. त्याच्या एका डब्यात सुमारे १४० फूट फीत मावे. सोळा मिलिमीटरच्या फितीवर फुटाला ४० चित्रे बसतात, म्हणजे साऱ्या डब्यात ५,६०० चित्रे. चित्रपटगृहाच्या वेगाने, सेकंदास २४ चित्रे या हिशेबाने, ती चार मिनिटांत संपली असती. म्हणून उतरतेवेळी वेग सेकंदास सहा चित्रे असा ठेवला. त्यामुळे तोच डबा पंधरा मिनिटे पुरला आणि शेवटची सारी कसोटी त्यात सामावली. सेकंदास एक चित्र इतक्या मंद गतीनेही हा कॅमेरा चाले, आणि तसे केल्यास डबा दीड तास टिके. हीच फीत नेहमीच्या यंत्रावर दाखविली की यान चौपट वेगाने उतरताना दिसते. पुष्कळ लोकांनी पुष्कळ वर्षे ते तसेच पाहिले आहे.

उजव्या खिडकीचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो इतिहासाच्या दृष्टीने मोठा आहे. उजवीकडे ऑल्ड्रिन उभे होते आणि ते आकडे वाचून सांगत होते. यान हाकणारे आर्मस्ट्राँग डावीकडे होते. संगणकाने नेमलेली जागा खडकांनी भरलेली आहे, हे त्यांनी डाव्या खिडकीतून पाहिले, यान पुढे रेटले आणि इंधन संपत आले असता सपाट जागा गाठली. हा निर्णय ज्या दृश्यावरून झाला, ते दृश्य चित्रफितीत नाही. चालकाच्या डोळ्यांनी काय पाहिले याचे चित्र शास्त्रज्ञांनी २०१९ साली चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन उपग्रहाच्या छायाचित्रांवरून संगणकाच्या साहाय्याने तयार केले. म्हणजे पन्नास वर्षांनी, आणि अनुमानाने.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र या लहानशा कॅमेऱ्याने मोठी उणीव भरून काढली. चंद्रावर चालताना स्थिर छायाचित्रांचा हासेलब्लाड कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँग यांच्याच छातीवर होता. साहजिकच छायाचित्रांत दिसतात ते ऑल्ड्रिन. चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणारा पुरुष स्वतःच्या यात्रेच्या छायाचित्रांत जवळजवळ नाही. असला तर पाठमोरा, कडेला, किंवा सहकाऱ्याच्या शिरस्त्राणाच्या काचेतील प्रतिबिंबात. लग्नात छायाचित्रे काढणारा काका कोणत्याच चित्रात सापडत नाही, तशातलाच हा प्रकार. पण खिडकीतला चलच्चित्र कॅमेरा कोणी हाती न धरता चालू राहिला आणि त्याने दोघांनाही टिपले. अँडी सॉन्डर्स या इंग्रज गृहस्थांनी अलीकडे या फितीतील एकामागून एक येणारी अनेक चित्रे संगणकावर परस्परांवर बसवून त्यातील कण घालविला, तेव्हा शिरस्त्राणाच्या काचेआड आर्मस्ट्राँग यांची मुद्रा दिसू लागली. फितीवर ती १९६९ पासूनच होती.

२४ जुलै रोजी यात्री प्रशांत महासागरात उतरले. चंद्रावरून काही अज्ञात रोगजंतू येतील अशी त्या काळी धास्ती होती. माणसांना, दगडांना आणि चित्रफितींनाही विलगवासात ठेवण्यात आले. फितींचे डबे इथिलीन ऑक्साइड या विषारी वायूने निर्जंतुक करावयाचे होते. हा वायू रंगांचा लेप बिघडवील काय, याची चाचणी आधी घेतलेली होती. ह्यूस्टन येथील प्रयोगशाळेत टेरी स्लेझॅक नावाचे तंत्रज्ञ डबे उघडण्याच्या कामावर होते. त्यांपैकी एक डबा चंद्राच्या जमिनीवर पडलेला होता. तो हाताळताच त्यांच्या बोटांना काळी पूड लागली. अंतराळवीरांच्या खालोखाल चंद्राची धूळ उघड्या हाताला लागलेला हा पहिला मनुष्य, म्हणून त्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रांत झळकले. त्यांना स्नान घालण्यात आले आणि मग काम पुढे सुरू झाले.

चित्रफिती धुऊन निघाल्या, त्यांच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. वार्तापटांसाठी ३५ मिलिमीटरच्या, शाळांसाठी १६ मिलिमीटरच्या, आणि हौशी गृहस्थांच्या घरगुती यंत्रासाठी ८ मिलिमीटरच्या. अमेरिकेत कॅसल फिल्म्ससारख्या कंपन्यांनी या घरगुती फिती डब्यांत भरून दुकानांत विकल्या. चांद्रयात्रेच्या चित्रफितींचा जो संग्राहकांचा बाजार आज आहे, त्यात नित्य फिरणारा माल बहुतांशी हाच. डब्यावरचे चित्र शाबूत असेल, फीत ताठ असेल, आंबूस वास येत नसेल, तर त्यास किंमत येते. आंबूस वास म्हणजे शिर्क्याचा वास. ॲसिटेटच्या फितीचे अंग कुजू लागले की तो येतो आणि एका डब्याचा रोग शेजारच्या डब्यास लागतो. जाणकार फितीच्या काठावर कारखान्याने छापलेल्या बारीक आकृत्याही पाहतात. कोडॅक कंपनीच्या फितीवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असत आणि त्यावरून फीत कोणत्या वर्षी बनली ते कळे. गंमत अशी की, याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येत. तेव्हा १९६९ ची म्हणून मिरविणारी फीत दुसऱ्याच वर्षाची नाही, याची खात्री अन्य पुराव्याने करावी लागते.  रंगांची कथा वेगळी. त्या काळच्या स्वस्त रंगीत प्रतींतला निळा व पिवळा रंग आधी उडतो आणि साऱ्या दृश्यावर तांबूस छटा येते. कित्येक घरांतल्या डब्यांतला चंद्र आज गुलाबी झाला आहे.

आता मूळ दूरचित्रवाणीच्या चित्राविषयी. त्याचा इतिहास अधिक दुःखद आहे. चंद्रावरून येणारे चित्र नेहमीच्या पद्धतीचे नव्हते. वेस्टिंगहाउस कंपनीच्या लहान कॅमेऱ्याने ते सेकंदास दहा चित्रे व प्रत्येक चित्रात ३२० रेषा अशा मंद पद्धतीने पाठविले. कारण यानाकडून येणाऱ्या लहरींत तेवढीच जागा उरलेली होती. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन आणि ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीक व पार्क्स येथील प्रचंड आकाशकांनी ते झेलले. परंतु घरोघरीच्या यंत्रांवर ते जसेच्या तसे दिसणे शक्य नव्हते. तेव्हा युक्ती अशी केली की, मूळ चित्र एका पडद्यावर आणावयाचे आणि त्या पडद्याकडे दुसरा, नेहमीच्या पद्धतीचा कॅमेरा रोखून त्याने टिपलेले चित्र जगाला दाखवावयाचे. म्हणजे लोकांनी पाहिले ते चित्राचे चित्र. ते पुढे सूक्ष्मलहरींनी, उपग्रहाने, तारांनी जाता जाता आणखी धूसर झाले. आर्मस्ट्राँग शिडी उतरताना भुतासारखे दिसतात, त्यास ही वाट कारण आहे. भूकेंद्रावर प्रत्यक्ष आलेले चित्र यापेक्षा पुष्कळच स्वच्छ होते, असे तेथील लोक सांगत आणि त्यांनी पडद्याची काढलेली छायाचित्रे ते सिद्धही करीत.

ते स्वच्छ मूळ चित्र चुंबकीय फितींवर नोंदले गेले होते. एक इंच रुंदीच्या, १४ पदरी, भल्या मोठ्या रिळांवर यानाच्या इतर सर्व माहितीबरोबर ते उतरले. त्या फिती अमेरिकेतील गोडार्ड केंद्राकडे गेल्या आणि तेथून सरकारी अभिलेखागाराच्या कोठारात. कोणी त्यांस हात लावला नाही, कारण ज्याला चित्र पाहावयाचे होते त्याला ते दूरचित्रवाणी कंपन्यांच्या फितींवर मिळतच होते. पुढे वेस्टिंगहाउसच्या कॅमेऱ्याचे प्रमुख स्टॅन लेबार, गोडार्डचे रिचर्ड नॅफ्झगर आणि काही ऑस्ट्रेलियन सेवानिवृत्त अभियंते या मूळ फितींच्या शोधास लागले. २००६ साली हा शोध वर्तमानपत्रांचा विषय झाला. तीन वर्षे कोठारे, पावत्या, नोंदवह्या धुंडाळून झाल्यावर २००९ साली जो निष्कर्ष निघाला तो असा की, १९७० नंतरच्या दशकात व त्यापुढेही नव्या उपग्रहांसाठी कोऱ्या फितींचा तुटवडा पडला तेव्हा जुनी रिळे मोठ्या संख्येने परत मागविण्यात आली, ती पुसण्यात आली आणि त्यांवर नवी माहिती भरण्यात आली. चांद्रयात्रेची रिळे त्यांतच गेली असावीत.

यात कोणी दुष्टपणा केला नाही. कारकुनाने नियम पाळला, भांडारप्रमुखाने पैसा वाचविला. पाटीवरचा जुना हिशेब पुसून नवा मांडावा, इतक्या सहज हे घडले. पॉलिएस्टरची पट्टी शेकडो वर्षे टिकेल इतकी चिवट होती, आणि ती पुन्हा वापरण्याजोगी राहिली ती नेमकी या चिवटपणामुळेच.

मूळ गेले तेव्हा प्रतींतून जे उत्तम असेल ते निवडावे, असे ठरले. सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीच्या संग्रहातून, सिडनीहून, ह्यूस्टनहून तुकडे जमविले गेले. त्यांत एक तुकडा मोठा रंजक होता. हनीसकल क्रीक केंद्रावरील एड फॉन रेनुआर नावाच्या तंत्रज्ञाने कामाच्या धामधुमीत स्वतःचा ८ मिलिमीटरचा घरगुती कॅमेरा पडद्यासमोर धरून थोडे चित्रण केले होते. ते त्याचे खासगी, हौसेचे. पण मूळ चित्राजवळचे. चित्रे स्वच्छ करण्याचे काम कॅलिफोर्नियातील बरबँक येथील लावरी डिजिटल या संस्थेकडे सोपविण्यात आले. ही संस्था २००८ सालीच मुंबईच्या रिलायन्स उद्योगसमूहाने विकत घेतली होती. ज्या मुंबईत १९६९ साली दूरचित्रवाणीचा पडदा नव्हता, त्या मुंबईच्या मालकीच्या कारखान्यात चाळीस वर्षांनी ते चित्र उजळून निघाले! त्याच १९६९ च्या ऑक्टोबरात तिन्ही अंतराळवीर जागतिक दौऱ्यावर असताना मुंबईत येऊन गेले होते, आणि चांद्रशिलांचे नमुने टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या सहकाऱ्यांकडे अभ्यासासाठी आले होते. चंद्राचा दगड मुंबईस आला, चंद्रावर गेलेली माणसे आली. चित्र तेवढे उशिरा आले.

आता संग्राहकांकडे वळू. १९७६ च्या जून महिन्यात टेक्सासमधील एका सरकारी लिलावात गॅरी जॉर्ज या तरुण अभियांत्रिकी विद्यार्थ्याने जुन्या चुंबकीय फितींची १,१५० रिळे २१७ डॉलर ७७ सेंटला घेतली. हेतू साधा होता: दूरचित्रवाणी केंद्रांना कोऱ्या फिती म्हणून ती विकावयाची. तीन रिळांवर चांद्रयात्री बाहेर पडल्याची नोंद आहे, हे त्याच्या वडिलांच्या नजरेस आले आणि ती तीन बाजूला राहिली. ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षात आलेले चित्रण त्यांवर होते, सुमारे दोन तास चोवीस मिनिटांचे. २० जुलै २०१९ रोजी न्यूयॉर्क येथे सॉदबीच्या लिलावात ती १८ लाख २० हजार डॉलरला गेली. या फितींवर आपल्यापाशी नाही असे काही नाही, असा खुलासा अमेरिकन अंतराळ संस्थेने विक्रीपूर्वीच केला होता, आणि तो खराही आहे. या तीन फिती म्हणजे पुसल्या गेलेल्या त्या मूळ फिती नव्हेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. वर्तमानपत्री मथळ्यांनी या बाबतीत पुष्कळ गोंधळ केला आहे. तरीही त्या पहिल्या पिढीच्या नोंदी आहेत, पुढच्या प्रतींहून सरस आहेत, आणि वाचल्या त्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी चिठ्ठी वाचली म्हणून. ज्या कार्यालयाने त्या भंगारात काढल्या त्याला त्यांचे श्रेय देता येत नाही.

संग्राहकावर टीका करणे सोपे आहे. तो वस्तू कपाटात कुलपाआड ठेवतो, अभ्यासकाला दाखवीत नाही, भाव वाढण्याची वाट पाहतो. हे सारे खरे असले तरी भारतीय चित्रपटाचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, तो इतक्या झटपट निकाल देणार नाही. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हाच्या स्वागताचे. हिंदी माणसाने हिंदुस्थानात टिपलेली ती पहिली वर्तमानचित्रे. आज त्यांची एक फूट फीतही उरलेली नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जे सापडेल ते गोळा करण्यास आरंभ केला, तोपर्यंत बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले व शेवटचे रीळ तेवढे हाती आले, आणि ते १९१३ च्या मूळ चित्रपटाचे की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रणाचे, यावर अजून वाद आहे. ‘कालिया मर्दन’ बराचसा मिळाला तो फाळके कुटुंबाकडून. म्हणजे घरच्या माणसांनी जपला म्हणून. १९३१ चा ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट मात्र गेला. त्याचे निर्माते अर्देशिर इराणी यांना नायर भेटले, तेव्हा काही रिळे कोठेतरी पडून असतील असे वृद्ध इराणी म्हणाले. पण ती चांदी काढण्यासाठी विकली गेली असल्याचे त्यांच्या मुलाने हळूच नायरांना सांगितले. फितीच्या लेपात चांदी असते. ती धुऊन काढता येते आणि रिकामे सेल्युलॉइड दुसऱ्या कामाला लागते.

गोडार्डचा भांडारप्रमुख आणि मुंबईचा भंगारवाला यांच्यात हिशेबाच्या दृष्टीने फरक करणे कठीण आहे. एकाला कोरी फीत हवी होती, दुसऱ्याला चांदी. आणि जपून ठेवलेलेही नेहमी सुरक्षित असते असे नाही: पुण्यातील संग्रहालयाची जुनी ज्वालाग्राही नायट्रेट चित्रफितींची कोठडी जानेवारी २००३ मध्ये आगीत भस्मसात झाली.

चंद्रावर नेलेली मूळ चित्रफीत कोणाच्या मालकीची, असा प्रश्न कधी उपस्थित झाला नाही. ती सरकारचीच, आणि ती ह्यूस्टन येथे उणे १८ अंश तपमानाच्या शीतकोठारात ठेवलेली आहे. ती बाहेर काढावयाची तर प्रथम मध्यम थंडीच्या खोलीत दिवसभर ठेवून मग उघडावी लागते, नाहीतर तिच्यावर दव धरते. वाद झाला तो कॅमेऱ्यांचा. हे कॅमेरे चंद्रावरच टाकून द्यावयाचे होते. फितीचे डबे तेवढे काढून घ्यावयाचे आणि बाकीचे जड सामान सोडून वर उडावयाचे, असा दंडक होता. १९७१ च्या अपोलो १४ यात्रेतील एडगर मिचेल यांनी त्यांतला एक १६ मिलिमीटर कॅमेरा बरोबर आणला, चाळीस वर्षे घरी ठेवला आणि २०११ साली बोनहॅम्सच्या लिलावात विक्रीस काढला. ६० ते ८० हजार डॉलर येतील, असा अंदाज होता. सरकारने त्यांच्यावर फिर्याद केली. टाकून द्यावयाची वस्तू आणली तर ती आणणाऱ्याची, असे मिचेल यांचे म्हणणे. सरकारी वस्तू सरकारने लेखी दिल्याविना खासगी होत नाही, असे सरकारचे. ऐंशी वर्षांच्या चांद्रयात्र्याला न्यायालयात उभे करणे अनेकांना रुचले नाही. ऑक्टोबरात तडजोड झाली आणि मिचेल यांनी कॅमेरा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान व अंतराळ संग्रहालयास देण्याचे मान्य केले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, अमेरिकेत कायदा झाला की, त्या काळच्या यात्रींनी बरोबर आणलेल्या अशा टाकाऊ वस्तू त्यांच्याच मालकीच्या समजाव्यात. चंद्राचे दगडमाती तेवढी वगळून. मिचेल यांना तो एक वर्ष उशिरा लाभला.

आर्मस्ट्राँग २५ ऑगस्ट २०१२ रोजी, म्हणजे तो कायदा होण्यापूर्वी काही आठवडे, वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नी कॅरोल घरातले कपाट आवरीत असता एक पांढरी कापडी पिशवी निघाली. आत दोरखंड, दिवे, पट्टे, स्क्रू आवळण्याची साधने असले सुटे सामान होते. त्यांनी छायाचित्रे काढून संग्रहालयाच्या तज्ज्ञांकडे पाठविली. संभाषणाच्या जुन्या नोंदी पडताळल्या असता चंद्रावरून परतताना आर्मस्ट्राँग यांनी यानातील किरकोळ चिजांची दहा पौंडांची एक पिशवी बरोबर घेतल्याचे ह्यूस्टनला सांगितले होते, असे आढळले. स्वतः त्यांनी त्याविषयी पुढे कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या पिशवीत तळाशी एक लहान कॅमेरा होता. उजव्या खिडकीत बसवलेला आणि सेकंदास सहा चित्रे घेत चंद्राची जमीन जवळ येताना पाहिलेला, तोच. २०१५ च्या फेब्रुवारीत संग्रहालयाने ही हकिकत जाहीर केली आणि मिचेल यांच्या कॅमेऱ्यासाठी ठरलेल्या त्याच वॉशिंग्टनच्या संग्रहालयात तो लोकांना पाहावयास ठेवला.